कोंबडखत टाकल्यावर गांडुळं मरतात? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी आल्याच्या बेडवर आम्ही कोंबडखत पसरलं आणि लगेच ड्रीप सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेडच्या कडेला गांडुळं वर आलेली. फिकट, सुजलेली, काही अजून वळवळत होती. खत चांगलंच होतं, फक्त कच्चं, न कुजलेलं होतं. ते बघून मला खरंच वाईट वाटलं.

सगळ्यात मोठी चूक हीच. कोंबडीच्या विष्ठेतलं बरंचसं नत्र युरिक ॲसिडच्या रूपात असतं. ओल लागली की त्याचा भराभर अमोनिया होतो. गांडूळ ओल्या कातडीतून श्वास घेतं, त्यामुळे अमोनिया आणि क्षार थेट त्याच्या अंगाला भिडतात. पाचटाखाली उड्या मारणारे पांढरे कोलेंबोला हे बारीक जीव आणि माइट्स (कोळ्यांच्या जातीचे बारीक जीव) यांनाही हा झटका बसतो. पाचट कुजवणाऱ्या बुरशीवर चरणारे जीव हेच.

म्हणून आधी ढीग लावा. कोंबडखतात कर्ब-नत्र गुणोत्तर (कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण) १०:१ च्या आसपास असतं, नीट कुजायला २५:१ ते ३०:१ लागतं. तेव्हा उसाचं पाचट किंवा भुसा भरपूर मिसळा. मूठ आवळली की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, एवढीच ओल ठेवा. ढिगात पहार खुपसून थोड्या वेळानं बाहेर काढा. हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय. दर १०-१५ दिवसांनी पलटा. दोन-तीन महिन्यांनी ढीग थंड होतो, डोळे चुरचुरत नाहीत, मातीचा वास येतो. ढिगात चुना मात्र घालू नका, अमोनिया उडून नत्र वाया जातं.

‘कच्च्या खतानं सूत्रकृमी (मातीतले दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी) मरतात’ म्हणून काही जण मुद्दाम ताजं टाकतात. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी अमोनियानं कमी होतात हे खरं, पण अमोनियाला शत्रू-मित्र कळत नाही. उपयोगाचे जीवही जातात आणि कोवळी मुळंही जळतात.

गांडूळखताच्या बेडमध्ये ताजं कोंबडखत तर अजिबात नको. कुजलेल्या खताचीही आधी परीक्षा घ्या: टबमध्ये खत-माती कालवून ओली करा आणि दहा गांडुळं सोडा. ती आत न शिरता काठावर चढू लागली तर खत अजून तयार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

खोडाशी ढीग करून टाकण्यापेक्षा बेडभर पातळ पसरा, वरच्या मातीत हलकं मिसळा. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असताना टाका, तापलेल्या कोरड्या रानात नको.

एक सवय मात्र लावून घ्या. खत टाकण्याआधी सकाळी फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन त्यातली गांडुळं मोजा आणि वहीत लिहा. महिन्यानं वाफसा असताना त्याच बेडवर, शेजारी पुन्हा मोजा. आकडा घसरला असेल तर पुढचा हप्ता थांबवा आणि उरलेलं खत परत ढिगाला लावा.