पेस्टो-सॉसेज पास्ता: पेस्टो गॅसवर चढवू नका, आणि बाकीच्या या चुकाही टाळा

मी इटलीतल्या जेनोव्हात राहते. शिकायला किंवा नोकरीला म्हणून इथे येणारी मराठी मुलं-मुली कधी ना कधी माझ्याकडे जेवायला येतात, आणि आल्यावर बहुतेकांना हाच पदार्थ स्वतः करून बघायचा असतो. हौस चांगली आहे. पदार्थही सोपा आहे, पेस्टो तयार असेल तर अर्ध्या तासात ताटात येतो. तरी तो त्याच त्या दोन-तीन ठिकाणी बिघडताना मी इतक्यांदा पाहिला आहे की आता लिहून ठेवते.

पेस्टो परतू नका

सगळ्यात मोठी चूक हीच. आपल्या हाताला फोडणीचं वळण आहे. वाटण म्हटलं की ते कढईत जाणार, तेल सुटेपर्यंत परतलं जाणार. भाजीला, रश्शाला ते बरोबरच आहे. पण पेस्टो म्हणजे वाटण नव्हे, ती कच्ची चटणी आहे. इटालियनमध्ये ‘पेस्तारे’ म्हणजे कुटणं, त्यावरून पेस्टो. आपल्याकडे ठेचण्यावरून ठेचा आला, तसंच. त्यात बेसिलची पानं, लसूण, पाइनच्या बिया, पार्मिजानो आणि पेकोरिनो ही दोन चीज, जाडं मीठ आणि ऑलिव्ह तेल असतं. यातलं काहीच शिजवायचं नसतं. कोथिंबिरीची चटणी आपण कढईत टाकून दहा मिनिटं परततो का?

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. प्रा या भागातलं बेसिल आणलं होतं. जेनोव्हाच्या पश्चिमेच्या या भागातलं बेसिल इथे नावाजलेलं आहे. त्याची पानं लहान, कोवळी असतात आणि त्यांना पुदिन्याचा वास येत नाही. (जेनोव्हाच्या बेसिलला २००५ पासून युरोपचा संरक्षित दर्जा आहे, म्हणजे ते नाव लिगुरियाबाहेरच्या, म्हणजे जेनोव्हा ज्या प्रांतात आहे त्याबाहेरच्या, बेसिलला लावता येत नाही.) दुपारी संगमरवरी खलात, लाकडी बत्त्याने, पाऊण तास बसून मी पेस्टो केला. रात्री जेवायला शेजारच्या आजी येणार होत्या. जन्म इथलाच, वय ऐंशीच्या पुढे. मदतीला कोल्हापूरचा एक विद्यार्थी होता, मनापासून राबणारा मुलगा. आजींना जिना चढायला हात द्यावा म्हणून मी खाली गेले. परत येईपर्यंत त्याने सगळा पेस्टो गरम सॉसेजवर ओतून मोठ्या आचेवर परतायला घेतला होता. मला बघून आनंदाने म्हणाला, “ताई, झालंच, आता तेल सुटायला लागलंय.”

तेल सुटलंच होतं. हिरवा रंग जाऊन शेवाळी-काळपट झाला होता. चीज वितळून त्याच्या चिकट गाठी कढईच्या तळाला धरल्या होत्या, लसूण कडवट झाला होता, आणि बेसिलच्या वासाचा मागमूस उरला नव्हता. आजींनी दोन घास खाल्ले, काटा खाली ठेवला आणि खल मागितला. माझ्याकडे मूठभर पानं उरली होती. त्यांनी बसल्या बसल्या तेवढ्याचाच पेस्टो केला, नवा पास्ता उकळायला लावला, त्याच पाण्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबी टाकली, आणि सगळं वाडग्यात कालवलं. तो मुलगा शेजारी उभा राहून बघत होता. आता तो सुंदर पेस्टो करतो.

तेव्हा पेस्टो वाडग्यात, आणि वाडगा गॅसपासून लांब. पास्ता निथळण्याआधी त्याचं पिठूळ पाणी कपभर काढून ठेवा. मिनिटभराने त्यातलं दोन-तीन मोठे चमचे पेस्टोत घालून तो सैल करा, मग गरम पास्ता त्यात टाकून कालवा. पाण्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि चीज एकजीव होतात आणि पास्त्याला मऊ लेप बसतो. तेवढी ऊब पुरते. कोरडं वाटलं तर आणखी एक चमचा पाणी घाला. जास्तीचं तेल नको, आणि क्रीम तर मुळीच नको.

सॉसेज कुठलं, आणि घाई कशाची?

इथे ज्याला ‘सालसिच्चा’ म्हणतात ते कच्च्या डुकराच्या खिम्याचं ताजं सॉसेज असतं. त्यात मीठ, मिरी असते, कुठे लसूण तर कुठे बडीशेप घालतात. नवीन आलेली मुलं मात्र गुलाबी, गुळगुळीत, आधीच शिजवलेली सॉसेज उचलतात, ‘वुर्स्टेल’ लिहिलेली. ती पावात ठीक आहेत. त्यांच्या चकत्या पेस्टोत घातल्या तर रबर चावल्यासारखं लागतं. आपल्याकडे दुकानात मिळणारी चिकन सॉसेजही बहुधा याच जातीची असतात.

पुणे-मुंबईत असाल तर माझा सल्ला सरळ आहे: सॉसेज शोधत बसू नका, खिमा आणा. ४०० ग्रॅम पोर्क किंवा चिकन खिम्याला सपाट चमचाभर मीठ, चमचाभर भरड बडीशेप, भरपूर मिरी आणि एक ठेचलेली लसणाची पाकळी चोळून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. गोव्याचा चोरीस मला अतिशय आवडतो, पण त्यातली मिरची आणि व्हिनेगर बेसिलला उभंच राहू देत नाहीत. तो पावाबरोबर खा.

आता शिजवणं. सालसिच्चाची साल सुरीने चिरून काढा आणि आतला खिमा बोटांनी सुपारीएवढे तुकडे करून रुंद तव्यात पसरा. तवा आधी फार तापवू नका. मध्यम आचेवर त्याची चरबी हळूहळू सुटू द्या, वेगळं तेल लागत नाही. चिकन खिम्याला मात्र चमचाभर तेल लागतं. आणि मग हात आवरा. चार मिनिटं उलथनं लावायचं नाही. सगळ्यांची गडबड इथेच होते: एकसारखं ढवळत राहतात, किंवा लहान भांड्यात सगळं कोंबतात. मग पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडून करडं होतं. न हलवता ठेवलं की खालून खरपूस तांबूस रंग येतो, आणि या पदार्थाची अर्धी चव त्या रंगात आहे. ज्याला ती चार मिनिटं धीर धरवत नाही त्याने त्या दिवशी पिठलं करावं, तेही छान लागतं. दोन्ही बाजू झाल्या की आतून गुलाबी राहिलेलं नाही हे तुकडा मोडून बघा. थर्मामीटर असेल तर पोर्क ७१ अंश सेल्सिअस, चिकन ७४. जास्तीची चरबी काढून टाका, चमचाभर राहू द्या. तव्याला चिकटलेलं खरपूस पास्त्याच्या दोन चमचे पाण्याने सोडवून घ्या आणि सॉसेज पेस्टो लावलेल्या पास्त्यावर शेवटी घाला.

शेजारच्या आजींना पेस्टोबरोबर सॉसेज मान्य नाही, हे सांगायला हवं. त्यांच्या मते पेस्टो म्हणजे त्रोफिए किंवा त्रेनेत्ते (हे इथले पास्त्याचे प्रकार), बटाटा, फरसबी, बस. लिगुरियाची परंपरा तीच आहे. पण कामावरून दमून आल्यावर एका ताटात पोटभर जेवण हवं असेल तर ही जोडी चांगली जमते, आणि ती नीट केली तर आजीही ताट रिकामं करतात.

मीठ

पास्त्याचा नेहमीचा हिशोब १०० ग्रॅमला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. इथे मी मीठ ७ ग्रॅमवर आणते, कारण पेकोरिनो खारट, सॉसेजही खारट. चौघांना ३२० ग्रॅम पास्ता, ३०० ते ३५० ग्रॅम सॉसेज आणि १२० ग्रॅमच्या आसपास पेस्टो पुरतो.

लहान चुका, पण रोजच्या

पाण्यात तेल घालू नका, पेस्टो घसरतो. शिजलेला पास्ता नळाखाली धुऊ नका. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी चाखून बघा. खिम्याच्या तुकड्यांना स्पगेटी नको, फुसिल्ली किंवा ओरेक्कियेत्ते घ्या, त्यांच्या खळग्यांत तुकडे बसतात.

बाटलीतल्या पेस्टोचं लेबल वाचा. पुष्कळदा त्यात सूर्यफुलाचं तेल आणि काजू असतात. घाईच्या दिवशी फ्रिजमधला ताजा पेस्टो घ्या.

बेसिलऐवजी तुळस घालू नका. ज्याच्या बिया आपण सब्जा म्हणून फालुद्यात घालतो ते झाड बेसिलच्याच जातीचं आहे, तुळस मात्र वेगळी. तिला लवंगेसारखा उग्र वास असतो.

मिक्सर वापरायला माझी हरकत नाही, पण भांडं आणि पातं अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, पानं धुऊन अगदी कोरडी करा आणि थांबून थांबून फिरवा. पातं तापलं की पानं काळी पडतात. तेल मी शेवटी चमच्यानेच मिसळते, कारण मिक्सरमध्ये फिरवल्यावर चांगलं ऑलिव्ह तेल मला कडू लागलं आहे. लसूण दोघांना अर्धी पाकळी. जास्त घातली तर दुसऱ्या दिवशीही तीच आठवत राहते.

उरलेला पेस्टो लहान बरणीत दाबून, वर तेलाचा थर देऊन फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. जास्त केला असेल तर चीज न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि चीज खायच्या वेळी मिसळा. उरलेला कालवलेला पास्ता मायक्रोवेव्हमध्ये रटरटवू नका. तव्यात दोन चमचे पाण्यावर मंद आचेवर, सॉसेज नीट गरम होईपर्यंतच ठेवा, रंग थोडा उतरेल, आणि वरून ताज्या पेस्टोचा एक चमचा घाला.