फॉक्स हंट: सुताराच्या टेपचा अँटेना आणि क्लबातला पहिला रविवार

हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाच्या, क्लबात नवीन येणारा माणूस आधी फी विचारतो आणि लगेच कोणता सेट (बोलायचा-ऐकायचा रेडिओ) घ्यावा ते विचारतो. सेटची घाई करू नका. लायसन्सशिवाय ट्रान्समीटर बाळगणं कायद्यात बसत नाही. त्याआधी फॉक्स हंटला या. कुठेतरी लपवलेला छोटा ट्रान्समीटर, म्हणजे फॉक्स, दिशा घेत घेत शोधायचा, असा हा खेळ आहे. लायसन्स नसलेल्यानेही यात अँटेना धरावा, ऐकावं, मिळालेल्या दिशांच्या नकाशावर रेघा माराव्यात. सेट मात्र लायसन्सधारक जोडीदाराचा असावा आणि पीटीटीला (दाबून बोलायच्या बटणाला) आपला हात लागू नये.

लायसन्सचं काम सोबत चालू ठेवा. वयाची 12 वर्षं पूर्ण हवीत आणि अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा असतो. लायसन्सच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची संकेतलिपी) नाही. जनरल ग्रेडला मिनिटाला 8 शब्दांच्या वेगाने मोर्स यावं लागतं. रेडिओची माहिती आणि नियम अशा दोन्ही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागतं. नियमांकडे दुर्लक्ष करणारे तिथेच अडकतात.

आता अँटेना. 25 मिमी रुंदीची 5 मीटरची स्टीलची मोजायची टेप घ्या. तिच्या पट्ट्या कापून अँटेना बनतो. तीन मीटरची जेमतेम पुरते, पण एक काप चुकला की संपली. सोबत अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप एक मीटर, पाइप जोडायचे दोन क्रॉस आणि एक टी, सहा होज क्लिप आणि दोन मीटर 50 ओहमची आरजी-58 केबल लागेल. 145.5 मेगाहर्ट्झच्या आसपास ही मापं चालतात: मागचा रिफ्लेक्टर 106 सेंमी, केबल जोडायच्या मधल्या ड्रिव्हन एलिमेंटचे दोन तुकडे प्रत्येकी 45.5 सेंमी, पुढचा डायरेक्टर 90 सेंमी. रिफ्लेक्टर ते ड्रिव्हन 20.5 सेंमी आणि ड्रिव्हन ते डायरेक्टर 32 सेंमी अंतर ठेवा. ही अंतरं पट्टीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायची, पाइपच्या तुकड्याची लांबी म्हणून कापायची नाहीत. इथे खूप जण फसतात, कारण क्रॉस आणि टी स्वतःच काही सेंटिमीटर खातात. रिफ्लेक्टरच्या मागे वीसेक सेंमी पाइप मुठीसाठी राहू द्या.

ड्रिव्हनच्या दोन तुकड्यांमध्ये अडीच सेंमी फट सोडा. टेपवरचा रंग पॉलिश पेपरने पूर्ण घासून पांढरं पोलाद दिसू द्या, फ्लक्स लावा आणि आधी सुटं असतानाच कथिल चढवा. पट्टी पाइपवर बसवून मग डाग द्यायला गेलात तर पोलाद तापेपर्यंत पीव्हीसी वितळतं. फटीच्या एका बाजूला केबलची मधली तार, दुसऱ्या बाजूला जाळी. त्याच दोन बिंदूंवर 12.5 सेंमी लांबीची जाड तार यू आकारात वाकवून जोडा. ही यू आकाराची तार, म्हणजे हेअरपिन, विसरली तरी ऐकू येतं, पण एसडब्ल्यूआर (अँटेना आणि सेटचा मेळ किती बसला त्याचं माप) वाईट येतो आणि त्यावरून ट्रान्समिट करणं सेटला मारक ठरतं. कापलेल्या कडा ब्लेडसारख्या असतात. टोकं गोल करा आणि इन्सुलेशन टेप गुंडाळा, मुलं असतील तर नक्कीच.

फॉक्सचा अँटेना बहुधा उभा असतो, म्हणून आपल्या पट्ट्याही उभ्या धरा. आडव्या धरल्यात तर सिग्नल खूप पडतो आणि जे पोचतं त्यात परावर्तनांचाच वाटा मोठा असतो. एफएममध्ये सिग्नल दुप्पट झाला तरी आवाज वाढत नाही, तेव्हा कानावर विसंबू नका, सेटवरचा एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या काड्या) पाहा. सिग्नल कमजोर असेल तर स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडा आणि खरखर कुठे कमी होते ते ऐका. सर्वात जास्त सिग्नलची दिशा नेमकी सापडत नाही, कारण या अँटेनाचं तोंड रुंद असतं. डावीकडे वळत सिग्नल दोन काड्या उतरेल ती जागा धरा, मग उजवीकडे तशीच. फॉक्स त्या दोघांच्या मधोमध.

कंपास वापरताना अँटेना चार-पाच पावलं दूर ठेवा. पोलादी टेप आणि सेटमधल्या स्पीकरचं चुंबक सुई सहज ओढतात, आणि सगळ्या रेघा चुकल्या तरी चूक दिसत नाही.

पहिली दिशा उंचावरून घ्यावी. पुण्यात वेताळ टेकडीच्या माथ्यावरून कोथरूड आणि पाषाण या दोन्ही बाजू मिळतात. खाली सोसायट्यांच्या मध्ये उभं राहिलात तर समोरची बारा मजली इमारतच फॉक्स वाटते. दुसरी दिशा अशा ठिकाणाहून घ्या की पहिल्या रेघेला ती साधारण काटकोनात छेदेल. एकाच रस्त्यावर पुढे-मागे घेतलेल्या रेघा जवळपास समांतर जातात, आणि दिशेतली थोडीशी चूकही छेदबिंदू कुठल्या कुठे नेते.

शंभर-दोनशे मीटरवर आलात की मीटर सगळीकडे भरलेला दिसतो. अँटेना काढून ठेवा. सेट छातीशी धरून जागेवर सावकाश गोल फिरा: सिग्नल सर्वात पडला की फॉक्स तुमच्या पाठीमागे असतो, कारण मध्ये तुमचं अंग येतं. तरीही भरला तर फ्रिक्वेन्सी 5 किलोहर्ट्झ बाजूला न्या. फॉक्स 145.500 वर असेल आणि सेट ड्युअल बँड (दोन फ्रिक्वेन्सी पट्टे ऐकणारा) असेल तर 436.500 लावून पाहा. तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पटीवर निघणारा हलका सिग्नल, तिथे येतो आणि तो अगदी जवळच ऐकू येतो. नवख्यांना ही युक्ती पहिल्याच दिवशी शिकवावी.

फॉक्स ठेवणाऱ्यानेही शिस्त पाळावी. अर्धा ते एक वॅट पुरे. दर तीन मिनिटांनी तीस सेकंद बोलावं, दर वेळी कॉल साइन (लायसन्सवरचं ओळख-नाव) द्यावी. जास्त वेळ दाबून धरलं की हँडसेट तापतो आणि बॅटरी हंट अर्ध्यात असतानाच बसते. सेट झुडपात बेवारस सोडू नये, शेजारी लायसन्सधारक सदस्य बसवावा. तार आणि बॅटरी असलेला डबा पाहून लोक पोलिसांना बोलावतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. जवळच्या ठाण्यात आदल्या दिवशी लेखी कळवून ठेवा.

हंट संपल्यावर सगळ्या जोड्यांच्या रेघा एकाच नकाशावर काढा. कुणाची रेघ कुठल्या इमारतीमुळे वळली ते तिथेच उभं राहून पुन्हा ऐकता येतं, फक्त फॉक्सला आणखी अर्धा तास चालू राहायला सांगा.