गाडीला एलईडी बल्ब लावताना या चुका टाळा : कोकणातल्या खाऱ्या हवेतले अनुभव

गाडीच्या इंडिकेटरमधला साधा फिलामेंटचा बल्ब २१ वॉटचा असतो. १२ व्होल्टवर तो सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो आणि त्यातली बहुतेक वीज उजेडाऐवजी उष्णतेत जाते. त्याच जागी बसणाऱ्या एलईडी बल्बला बहुधा पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरतो. बचत खरीच आहे. परंतु जुना बल्ब जी वीज वाया घालवत होता असे आपण म्हणतो, तिच्यावर गाडीतल्या काही गोष्टी अवलंबून होत्या, ही बाब बल्ब बदलताना कोणी लक्षात घेत नाही. रत्नागिरीत गाड्यांच्या वायरिंगचे काम करताना माझ्यासमोर आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच या एकाच मुळाशी जाऊन पोहोचतात.

सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकणे. फ्लॅशर रिले, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा स्विच, प्रवाहावर लक्ष ठेवून असतो. प्रवाह एकदम कमी झाला, की एखादा बल्ब गेला असे समजून तो वेग वाढवतो आणि चालकाला सूचना देतो. म्हणजे येथे बिघाड कसलाच नसतो, रिले आपले काम चोख करत असतो. यावर दुकानात हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे ६ ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर, म्हणजे जुन्या बल्बइतका प्रवाह ओढणारा रोधक. तो बल्बला समांतर जोडायचा असतो. एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडला तर प्रवाह वाढतच नाही आणि इंडिकेटर पूर्वीसारखाच भराभर लुकलुकतो. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्टवर हा रेझिस्टर सव्वादोन अँपिअरहून अधिक प्रवाह घेतो आणि ३० वॉटहून अधिक उष्णता बाहेर टाकतो. एका गाडीच्या डिकीत तो प्लॅस्टिकच्या पट्टीने अस्तराच्या मागे बांधलेला होता. घाटात गाडी बंद पडल्यावर मालकाने चारही इंडिकेटर अर्धा तास चालू ठेवले आणि अस्तराला हाताच्या पंजाएवढा करपलेला डाग पडला. रेझिस्टर लावायचाच असेल, तर तो गाडीच्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवावा आणि त्याच्या आजूबाजूला वायर किंवा प्लॅस्टिक येऊ देऊ नये. माझ्या मते मात्र, ज्या गाडीत फ्लॅशर रिले वेगळा काढता येतो, तिथे एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक रिले बसवणे हाच योग्य मार्ग आहे. पुष्कळ नव्या गाड्यांत असा वेगळा रिले नसतो, ते काम गाडीचा संगणक करतो. अशा गाडीचे इंडिकेटर कंपनीने दिले तसेच ठेवावेत, असे मी स्पष्ट सांगतो.

दुसरी तक्रार अधिक फसवी असते. देवगडजवळच्या एका आंबा बागायतदारांनी आपल्या गाडीचे सगळे इंडिकेटर एलईडी केले आणि रिलेही बदलला. पुढे भर पावसाळ्यात, पार्किंग लाइट लावली की डावे इंडिकेटर न लावताच अंधुक पिवळे दिसू लागले. त्यांनी बल्ब दोनदा बदलून पाहिले. मी मागच्या लाइटचा जोड उघडला तेव्हा आतल्या पिना हिरव्या कळकलेल्या होत्या, त्यांच्यामध्ये मिठाचा पांढुरका थर साचलेला होता आणि तो थर बोटाला ओलसर लागत होता. मिठाचा ओला थर विजेला वाट देतो. टेल लाइटच्या पिनेतून अगदी किरकोळ प्रवाह शेजारच्या इंडिकेटरच्या पिनेत झिरपत होता. फिलामेंटचा बल्ब असता, तर त्याच्या अत्यल्प रोधातून हा प्रवाह निमूटपणे अर्थकडे, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या गाडीच्या पत्र्याकडे, निघून गेला असता आणि कोणाला काहीच दिसले नसते. एलईडी मात्र तेवढ्यावरही मिणमिणतो. म्हणजे एलईडीने दोष निर्माण केला नव्हता, आधीपासून असलेला दोष उघड केला होता. काँटॅक्ट क्लीनरने जोड साफ केला, रात्रभर वाळू दिला, खराब पिना बदलल्या आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. बल्ब तेच राहिले आणि तक्रार संपली.

म्हणून किनाऱ्यालगतच्या गावांत बल्ब विकत घेण्याआधी होल्डर आणि अर्थचा स्क्रू तपासावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. अर्थ तपासण्याची रीत सोपी आहे. मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी होल्डरच्या अर्थच्या पट्टीला लावून, दिवा पेटलेला असताना व्होल्टेज पाहावे. ते ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला समजावा. यात एक चूक अनुभवी कारागिरांकडूनही होते, ती म्हणजे ही चाचणी एलईडी लावून घेणे. प्रवाहच कमी असल्याने गंजलेला अर्थसुद्धा तेव्हा ठीक दिसतो. चाचणी जुना बल्ब लावूनच घ्यावी.

तिसरी गोष्ट उष्णतेची. हेडलाइटमधल्या जुन्या हॅलोजन बल्बच्या उबेने लाइटच्या काचेआतला दमटपणा वाळून जात असे. एलईडीची उष्णता बल्बच्या मागच्या बाजूच्या धातूकडे आणि तिथल्या छोट्या पंख्याकडे जाते, काच थंडच राहते आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आत दहिवर धरून बसते. त्यातच, पंखा मावत नाही म्हणून हेडलाइटच्या मागचे रबरी टोपण कापले जाते किंवा काढूनच टाकले जाते. मग चिखलपाणी थेट आत जाते आणि रिफ्लेक्टरचा, म्हणजे उजेड पुढे फेकणाऱ्या आतल्या वाटीचा, चकचकीत मुलामा उडतो. हे नुकसान भरून येत नाही, पूर्ण लाइटच बदलावी लागते. टोपण नीट बसत नसेल, तर तो बल्ब त्या गाडीसाठी नाही असे समजावे. याउलट, घाबरून सगळी लाइट सिलिकॉनने लिंपून टाकणेही चूक आहे, कारण हवा खेळण्याची बारीक भोके त्यात बुजतात आणि आतला दमटपणा आतच राहतो.

बल्ब पेटतच नसेल, तर फ्यूज पाहण्याआधी तो काढून उलटा बसवून पाहावा. टी-१० सारख्या चपट्या बुडाच्या बल्बमध्ये धन-ऋणाची अदलाबदल सहज होते. पिना असलेल्या बल्बमध्ये मात्र जबरदस्ती करू नये. पिवळ्या इंडिकेटरच्या बल्बच्या पिना मुद्दाम समोरासमोर नसतात आणि ब्रेक व टेल यांच्या जोड बल्बच्या पिना कमी-जास्त उंचीवर असतात, ते चुकीचा बल्ब बसू नये म्हणूनच. कानशीने पीन घासून बल्ब बसवला, की ब्रेक आणि टेल यांचा घोटाळा होतो. रंगाचेही तसेच आहे : लाल काचेमागे लाल एलईडी आणि पिवळ्यामागे पिवळा लावावा. लाल काचेमागचा पांढरा एलईडी गुलाबट दिसतो.

हेडलाइटबाबत माझे मत कडक आहे. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एच-४ या प्रकारचा ६०/५५ वॉटचा हॅलोजन बल्ब काढून एलईडी बसवू नये. रिफ्लेक्टरचा प्रत्येक बाक फिलामेंटच्या त्या बारीक रेषेच्या जागेवरून आखलेला असतो. एलईडीचा पट्टा मिलिमीटरभर इकडे-तिकडे झाला, तरी उजेड वर उधळतो. आंबा घाटात किंवा आंबोलीत धुके उतरलेले असताना तोच उजेड धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोरच्या दुचाकीस्वाराला तर रस्त्याची कडाच दिसत नाही. शिवाय, कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत.

आधीच बसवले असतील, तर निदान एवढी परीक्षा करावी. सपाट जागी, भिंतीपासून पाच-सहा मीटरवर गाडी उभी करावी, एका बाजूला जुना आणि दुसऱ्या बाजूला एलईडी बल्ब ठेवावा आणि लो बीम (खालचा, जवळचा उजेड) लावून दोन्ही बाजू आळीपाळीने झाकून पाहाव्यात. आपल्याकडच्या गाडीत उजेडाची वरची कड स्पष्ट दिसते आणि डावीकडे किंचित चढते. एलईडीची कड विस्कटलेली दिसली, तर बल्बवरच्या उजेड देणाऱ्या चिपा बरोबर डाव्या-उजव्या बाजूंना येतील असा बल्ब फिरवून पुन्हा पाहावे. तरीही कड जुळली नाही, तर जुना बल्ब परत लावावा. काढलेले बल्ब म्हणूनच फेकू नयेत. कागदात गुंडाळून डिकीत ठेवावेत, अर्थच्या चाचणीलाही तेच लागतात.