शेवाळाचं बायोडिझेल तयार झालं, आता ते तपासायचं कसं

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मायक्रोअल्गीचं, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचं, बायोडिझेल घेणारी पोरं हल्ली वाढलीत. आमच्या परभणीच्या लॅबमध्ये पण असे ग्रुप येतात, आणि तेल काढणं, मिथेनॉल टाकून त्याचं मिथाइल इस्टर (हेच बायोडिझेल) करणं इथपर्यंत सगळे नीट पोचतात पण बाटलीत शंभरेक मिली इंधन जमलं की आता काय मोजायचं आणि कसं, तिथं अडतं. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक, रंगावर जाऊ नका. क्लोरोफिलमुळे हे हिरवट-काळपट दिसतं, करडीच्या तेलाच्या बायोडिझेलसारखं सोनेरी नाही, म्हणून ते खराब असं होत नाही. सॅम्पल मात्र कोरडं पाहिजे. निर्जल सोडियम सल्फेट टाकून हलवा, तासभर ठेवा, गाळून घ्या. पाणी राहिलं तर पुढचं प्रत्येक रीडिंग चुकतं.

मग तेलाचं खरंच इस्टर झालंय का ते बघा. ३ मिली सॅम्पल २७ मिली मिथेनॉलमध्ये टाकून हलवायचं, सगळं विरघळलं तर ठीक, तळाला तेलाचे थेंब बसले तर रिॲक्शन अर्धवट आहे. ही टेस्ट २० ते २२ अंशांना करायची असते. आपल्याकडं एप्रिलमध्ये लॅबच ३६-३८ अंशांवर असते, त्या गरमीत न बदललेलं तेल पण थोडंफार विरघळून जातं आणि पोरं खुश होऊन पास लिहून टाकतात, तर मिथेनॉल आणि सॅम्पल दोन्ही आधी थंड पाण्यात ठेवून २० वर आणा. मिथेनॉल विषारी आहे, पटकन पेट घेतं, खिडक्या उघड्या ठेवा आणि बर्नर बंद.

डेन्सिटी सोपी आहे, हायड्रोमीटर नाहीतर पिक्नोमीटर (ठरावीक मापाची वजन करायची बाटली). युरोपच्या स्टँडर्डमध्ये १५ अंशांना ८६० ते ९०० किलो प्रति घनमीटर लागते, डिझेलची ८२० ते ८४५ च्या आसपास असते. गरमीची चूक इथंही होते, दर अंशाला साधारण ०.७ ने डेन्सिटी उतरते. म्हणजे ३८ अंशांना ८६४ आलं तर २३ अंशांचे १६ मिळवून ते ८८० होतं.

व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, ४० अंशांना मोजतात, सेंटिस्टोकमध्ये. कच्चं तेल ३०-४० सेंटिस्टोक असतं आणि इस्टर झाल्यावर ४-५ वर येतं, सगळा खटाटोप त्याच्यासाठीच तर आहे, घट्ट तेलाचा इंजेक्टरमधून नीट फवारा होत नाही. युरोपचं स्टँडर्ड ३.५ ते ५ मागतं. कॉलेजातलं ऑस्टवाल्ड ट्यूब (द्रव बारीक नळीतून उतरायला किती वेळ लागतो ते बघायचं) चालतं, पण बीकरभर गरम पाण्यात धरून नाही, बाथ ४० वर स्थिर पाहिजे. पाणी ४० अंशांना ०.६६ सेंटिस्टोकचं असतं, त्याला ६० सेकंद लागले तर चांगल्या बायोडिझेलला जवळपास ७ मिनिटं लागायला पाहिजेत, १५ मिनिटं लागली तर परत मिथेनॉलवाल्या टेस्टकडं जा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, क्लाउड पॉइंट, म्हणजे थंड होताना इंधन गढूळ व्हायला लागतं ते तापमान. एका जानेवारीत ग्रुपनं सॅम्पलची बाटली खिडकीत ठेवली होती, सकाळी बघतो तर तळाला पांढरे धागे धागे आणि वर गढूळ, थंडीत खोबरेल तेल धरतं तसं. पोरगी रडकुंडीला आली, सर वाया गेलं. बाटली दहा मिनिटं हातात धरली, सगळं परत स्वच्छ. ते पामिटिक आम्लाचं इस्टर होतं, शुद्ध असेल तर ३० अंशांनाच गोठणारं, आणि नॅनोक्लोरोप्सिससारख्या शेवाळात पामिटिक भरपूर असतं. पाम तेलाचं बायोडिझेल १३ ते १६ अंशांना गढूळ होतं, पामिटिक जास्त असलेलं शेवाळ त्याच वाटेनं जातं. आणि आपल्या परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी ५ च्याही खाली जातो, म्हणजे असलं इंधन पहाटे पाणी द्यायला निघालेल्या ट्रॅक्टरचं फिल्टर चोंदवणार.

मोजायला टेस्ट ट्यूबमध्ये २० मिली घ्या, थर्मामीटर तळाला टेकवा, बर्फ-मिठात ठेवा आणि दर एका अंशाला बाहेर काढून उजेडाकडं धरा. तळाला पहिली धुकट छटा दिसली तो क्लाउड पॉइंट. न हलवता, घाई न करता.

फ्लॅश पॉइंट, म्हणजे इंधनाची वाफ ठिणगीनं पेट घेते ते तापमान, घरगुती पद्धतीनं अजिबात करू नका, पेन्स्की-मार्टेन्सचं बंद कप उपकरण असेल तिथंच सॅम्पल द्या. चांगलं बायोडिझेल १३० च्या वर जातं. ६०-७० आलं तर बहुतेक मिथेनॉल शिल्लक आहे, परत धुवून कोरडं करा.

साठवण उन्हाळ्यात लई जपून. काही शेवाळांच्या तेलात चार-पाच डबल बाँडवाली आम्लं असतात, ती थंडीत पातळ राहतात पण हवेनं लवकर खवट होतात, युरोपच्या स्टँडर्डनं अशांना फक्त १ टक्क्याची मुभा दिलीय. तपकिरी काचेची बाटली गळ्यापर्यंत भरा, तांब्या-पितळेचं झाकण नको, त्या धातूंनी खवटपणा अजून वाढतो. मे महिन्यात फ्रीजमध्येच ठेवा, आणि मोजायच्या दिवशी बाटली आधी कोमट पाण्यात धरून पूर्ण स्वच्छ होऊ द्या, हलवा, मगच पिपेट घाला, नाहीतर वरचं पातळ तेवढंच मोजलं जाईल.