व्याख्येआधी भंगारवाला

रिसायकलिंगवरचा ऑनलाइन तास व्याख्येनं सुरू करू नका. मुलं कॅमेरा बंद करून पेज खायला जातात. एकच प्रश्न टाका: भंगारवाला पाण्याची बाटली घेतो, मग वेफर्सचं पाकीट का नाही? गोव्यात डिचोली असो की काणकोण, प्रत्येकानं घरातल्या आठवडाभराच्या प्लॅस्टिकचे फोटो काढून वस्तूवरच्या त्रिकोणातला, प्लॅस्टिकचा प्रकार सांगणारा १ ते ७ आकडा सामायिक तक्त्यात भरायचा. बाटलीवर बहुधा १ सापडेल, म्हणजे पीईटी प्रकारचं प्लॅस्टिक. पाकिटात प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सोडवणं परवडत नाही. हे उत्तर मात्र लगेच फोडू नका (शिक्षकाला सगळ्यात जड जातं ते हेच!). साळगावच्या कचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होतो. आपल्या सुक्याचं काय होतं, ते मुलांनीच पंचायतीत विचारावं.