कॉलेज कबड्डीचा सामनापूर्व अंदाज कसा लिहावा: गुण मागाहून, आधी गडी मोजा

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा हंगाम सुरू झाला की कॉलेजच्या पेजवर, गावच्या ग्रुपवर आणि स्थानिक दैनिकांत सामन्याआधीचा मजकूर येऊ लागतो. त्यात एक वाक्य हमखास असतं: ‘दोन तुल्यबळ संघांत चुरशीची लढत रंगणार.’ हे वाक्य कुठल्याही सामन्याला चालतं, म्हणून कुठल्याच सामन्याबद्दल काही सांगत नाही. मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात. नजर कोणावर ठेवायची, तो कुठे अडकू शकतो आणि सामना कोणत्या वेळी फिरेल. या तिन्ही आधी सांगता येतात. त्यासाठी दोन्ही संघांचा यंदाचा किमान एकेक सामना वही घेऊन बघितलेला हवा.

स्पर्धा कोणती, ते आधी पक्कं करा

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतली महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीची महाविद्यालयं १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. त्यामुळे अंबाजोगाई आणि लातूर शेजारी असले, तरी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्यांची गाठ पडत नाही. पडली असेल तर ती निमंत्रितांची किंवा खुली स्पर्धा आहे. तिथे खेळाडूंच्या पात्रतेच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून कॉलेजच्या संघाची गेल्या आठवड्यातली यादी तिथे जशीच्या तशी गृहीत धरू नका.

भाग्यपत्रिका, म्हणजे कोणाचा सामना कोणाशी याचा तक्ता, हातात आली की आपल्या सामन्याच्या आधीचे रकाने बघा. एका संघाला पुढे चाल (न खेळताच पुढच्या फेरीत प्रवेश) मिळाली असेल आणि दुसरा त्याच सकाळी एक सामना खेळून येणार असेल, तर ही बाब मजकुरात वरच यायला हवी. दिवसातला दुसरा सामना खेळणाऱ्या संघाचे कोपरे, म्हणजे दोन टोकांचे बचावपटू, उत्तरार्धात उशिरा झेपावतात आणि दमलेला चढाईपटू मध्यरेषेजवळच वेळ काढतो.

मापं आणि वेळ मुलांच्या सामन्यातून उचलून मुलींच्या मजकुरात घालणं ही नेहमीची चूक. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, वेळ २० मिनिटांचे दोन डाव. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटर, वेळ १५ मिनिटांचे दोन डाव. मध्यंतर दोन्हीकडे ५ मिनिटांचं. मध्यरेषेपासून बोनस रेषा (जी ओलांडल्यावर चढाईपटूला जादा गुण मिळतो) पुरुषांना ४.७५ मीटरवर, महिलांना ४ मीटरवर. यात दोन्ही बाजूंचे एकेक मीटरचे राखीव पट्टे रुंदीतच धरलेले असतात आणि झटापट सुरू झाल्याशिवाय ते खुले होत नाहीत. म्हणजे स्पर्श होईपर्यंत महिलांच्या चढाईला रुंदी मिळते ती सहाच मीटर. एवढ्या जागेत हात धरलेल्या बचावपटूंची साखळी लवकर आवळते, म्हणून मुलींच्या सामन्याचा अंदाज लिहिताना मधल्या जोडीला, म्हणजे कोपऱ्यांशेजारच्या दोन मध्यरक्षकांना, मजकुरात जास्त जागा द्या.

वहीत काय टिपायचं

गुणलेखकाचं गुणपत्रक मागून बघा, पण त्यावर विसंबू नका. कोणाला किती गुण मिळाले ते त्यातून कळतं. ते गुण कशा परिस्थितीत मिळाले, ते कळत नाही. चढाई ३० सेकंदांची, त्यामुळे ४० मिनिटांच्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून ऐंशीच्या आसपास चढाया होतात. तेवढ्या ओळी दोन पानांत मावतात. प्रत्येक ओळीत चार गोष्टी टिपा: चढाईपटूचा बनियनवरचा क्रमांक, समोर किती गडी उभे होते, तो कोणत्या बाजूला गेला आणि निकाल काय लागला. निकालाला एकेक अक्षर पुरतं. स्पर्शाला ‘स्प’, बोनसला ‘बो’, पकडीला ‘प’, रिकाम्या चढाईला (गुण नाही, बादही नाही) ‘रि’.

यातला दुसरा रकाना, समोर किती गडी होते तो, सगळ्यात मोलाचा आहे आणि नवखे लिहिणारे नेमका तोच सोडतात.

कारण असं, की गुणफलक आणि मैदानावरचे गडी ही दोन वेगळी गणितं आहेत. स्पर्शाने किंवा पकडीने गुण मिळाला की आपला बाद झालेला गडी परत आत येतो. बोनसचा गुण फलकावर चढतो, पण त्याने कोणी आत येत नाही. शिवाय समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हाच बोनस मिळतो. पाचवर आले की तो बंद.

समजा, एका चढाईपटूच्या २० चढाया तुम्ही टिपल्या. पाचांत प्रत्येकी एक गडी टिपला, चारांत बोनस, चारांत तो पकडला गेला आणि सात रिकाम्या. गुणपत्रक म्हणेल नऊ गुण, म्हणजे संघाचा हुकमी एक्का. पण बोनस बाजूला काढा. मग उरतात पाच गडी टिपले आणि चार वेळा स्वतः बाद. समोरच्या संघाचे पाचच गडी उभे असतील तेव्हा हा मुलगा जवळपास बरोबरीतच खेळतोय. त्याच्या संघाकडे पुढे घेऊन जाणारा दुसरा चढाईपटू नसेल, तर तो संघ फलकावर पुढे राहूनही लोणाच्या, म्हणजे सगळे गडी बाद होण्याच्या, तोंडाशी येऊ शकतो. अंदाजात लिहायची गोष्ट ती हीच.

दुसरी आकडेमोड म्हणजे मुख्य चढाईपटू बाद होऊन किती वेळ बाहेर बसतो. तो बाहेर असताना संघाच्या किती चढाया झाल्या, ते मोजा. बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत येतात, म्हणून तो पाचवा बाद झाला असेल तर त्याच्या आधी चौघे आत यावे लागतात. काही संघांचा डाव या काळात पार कोलमडतो. काही संघांत तेव्हा एखादा कोपरारक्षकच चढाईला जातो आणि गुण आणतो. असा खेळाडू सापडला तर त्याला मजकुरात स्वतंत्र ओळ द्या.

मध्यंतराची नोंदही गड्यांचीच करा. उत्तरार्धात बाजू बदलतात, पण पूर्वार्ध संपताना ज्या संघाचे जितके गडी होते तितकेच घेऊन खेळ सुरू होतो. ‘मध्यंतराला १६-१२ आघाडी’ हे अर्धंच सांगणं झालं. आघाडीवरच्या संघाचे दोनच गडी उरले असतील, तर उत्तरार्धाच्या पहिल्या मिनिटांत लोण चढतो, त्याचे दोन जादा गुण जातात आणि आघाडीही त्याच्यासोबत जाते. मात्र तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड साधली तर अव्वल पकडीचा एक जादा गुण मिळतो. त्यामुळे तीन गड्यांवर शांत डोक्याने उभा राहणारा संघ कोणता, हेही वहीतून शोधून ठेवा.

उजवा कोपरा नक्की कोणाचा उजवा

ही चूक छापून आली की जाणकार वाचक पुढे वाचतच नाही. डावा-उजवा कोपरा ठरतो तो बचाव करणाऱ्याच्या हाताने, प्रेक्षकाच्या किंवा चढाईपटूच्या नाही. चढाईपटू आपल्या डाव्या हाताला गेला की त्याच्यासमोर बचावाचा उजवा कोपरा येतो. वहीत बाजू नेहमी चढाईपटूची लिहा आणि मजकूर लिहिताना एकदाच उलटवा. बाजू बदलल्यावरही मग गोंधळ होत नाही.

आता जोड्या लावा. एखाद्याच्या चढाया बहुतेक डावीकडे होत असतील आणि समोरच्या संघाचा उजवा कोपरा घोटा धरण्यात पटाईत असेल, तर सामन्याची खरी लढत तीच. कोपऱ्याने किती पकडी केल्या एवढ्यावर थांबू नका. किती वेळा तो आधी झेपावला आणि फसला, तेही मोजा. घाईने झेप घेणारा कोपरा हुलकावणी देणाऱ्या चढाईपटूला गुण वाढून देतो. शेजारचा मध्यरक्षक त्याच्या मदतीला वेळेवर येतो की जागेवरच उभा राहतो, हे एका सामन्यातही स्पष्ट दिसतं.

तिसऱ्या चढाईचं पान वेगळं ठेवा. सलग दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. काही प्रशिक्षक पहिल्या दोन मुद्दाम रिकाम्या सोडतात आणि तिसरीला ठरलेलाच खेळाडू पाठवतात. समोरच्या संघाला हे ठाऊक असेल तर त्याच्यासाठी सापळा आधीच लावलेला असतो.

मैदान

माती की मॅट, हे विचारल्याशिवाय एक ओळही लिहू नका. आपल्याकडे बऱ्याच पोरांचा सराव गावच्या मातीवर, अनवाणी झालेला असतो. मॅटवर बूट घालून उतरल्यावर पाय जिथे टाकला तिथेच रुततो आणि वळायची सवय नसेल तर पहिल्या डावात अर्धं पाऊल चुकतं. मॅटवर नेहमी खेळणाऱ्या संघाची मातीवर उलटी गत होते. ते जोरात थांबायला जातात आणि घसरतात.

मातीचं मैदान मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून तयार करतात. सकाळी ओल असते तोवर पकड चांगली मिळते, दुपारपर्यंत वरचा थर सुटून भुगा होतो. परतीचा पाऊस येऊन गेला असेल आणि खाली काळी माती असेल, तर चिखल पायाला चिकटतो, चढाया आखडतात आणि गुण कमी होतात. ऑक्टोबरच्या उन्हात उघड्यावर अंथरलेली मॅट तापते, हेही ध्यानात असू द्या. सामन्याची वेळ लिहिताना त्या वेळी मैदान कसं असेल, ते अर्ध्या ओळीत सांगा.

सरांना काय विचारायचं

‘सर, तयारी कशी आहे?’ या प्रश्नाला ‘चांगली आहे’ हेच उत्तर मिळणार. क्रीडा संचालकांना असं विचारा: ‘सर, उद्या पहिल्या सातात कोण? गेल्या सामन्यापेक्षा काय बदल? तिसऱ्या चढाईला कोणाला पाठवणार?’ शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ते बहुधा टाळतील, पण पहिल्या दोन्हींचं देतात. बाराही नावं शुद्धलेखनासह यादीवरून उतरवून घ्या. बनियनचे क्रमांक स्पर्धेगणिक बदलतात, म्हणून नाव आणि क्रमांक पुन्हा जुळवा. खेळाडूची दुखापत त्याने किंवा सरांनी छापायला हरकत नाही असं सांगितल्याशिवाय लिहायची नाही. ‘उपलब्ध नाही’ एवढं पुरे.

जुन्या वैराचा इतिहास थोडक्यात आटपा. पदवीच्या पोरांची तीन वर्षांत पिढी बदलते, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचा पराभव आजच्या सातांपैकी बहुतेकांनी पाहिलेलाही नसतो. टिकून राहते ती प्रशिक्षकाची पद्धत. दोन्हीकडे तेच सर असतील तर गेल्या दोन-तीन सामन्यांचे निकाल कॉलेजच्या वार्षिकांकातून किंवा दैनिकाच्या जुन्या अंकातून तपासून घ्या. ‘आम्ही कधी हरलोच नाही’ हे कट्ट्यावरचं बोलणं छापू नका.

लिहायला बसल्यावर

दैनिकासाठी तीनशे शब्द, ऑनलाइन असेल तर पाच-सहाशे. पहिल्या परिच्छेदात कोण, कुठे, किती वाजता, कोणती फेरी, माती की मॅट. दुसऱ्यापासून थेट मुख्य लढत. माजलगाव आणि गेवराईच्या दोन काल्पनिक संघांवर नमुना असा:

‘गेवराईच्या मुख्य चढाईपटूने उपांत्यपूर्व सामन्यात २० चढायांत ९ गुण घेतले, पण त्यातले ४ बोनसचे होते आणि तो ४ वेळा पकडला गेला. तो डावीकडून आत शिरतो आणि तिथे माजलगावचा उजवा कोपरा आहे, ज्याने त्याच फेरीत ५ पकडी केल्या. माजलगावने सुरुवातीलाच बोनस देऊ केला तर नवल नको. गुण जातील, पण गेवराईचे बाद गडी आत येणार नाहीत. हा चढाईपटू बाहेर बसला असताना गेवराईची दुसरी फळी चालली, तर मात्र सामना शेवटच्या मिनिटापर्यंत ताणला जाईल.’

यात विशेषणं जवळपास नाहीत, तरी सामना डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘झंझावाती’, ‘वाघ’, ‘ढाण्या’ हे शब्द सामन्यानंतरच्या बातमीला राहू द्या.

निकालाचा अंदाज द्यावा, टाळू नये. फक्त तो कारण आणि अट जोडून द्या: ‘माजलगाव चार ते सहा गुणांनी, उजवा कोपरा पूर्ण वेळ मैदानात राहिला तर.’ एकाच सामन्याच्या नोंदीवर अंदाज बांधला असेल तर तसं लिहा. तो सामना दुबळ्या संघाविरुद्ध एकतर्फी झाला असेल तर त्याचे शेवटच्या दहा मिनिटांचे आकडे गाळा, कारण तेव्हा राखीव पोरं खेळत असतात. बाद फेरीत बरोबरी झाल्यास पाच-पाच चढाया होतात. त्या पाचांत कोण कोण जाऊ शकतं, याची एक ओळ शेवटी टाकली तर वाचकाला ऐन वेळी उपयोगी पडते.

सामन्याच्या सकाळी वजन आणि ओळखपत्रं तपासली जातात. वरिष्ठ गटात पुरुषांना ८५ किलोची आणि महिलांना ७५ किलोची मर्यादा असते, आणि काठावरचा एखादा कोपरारक्षक तिथेच अडकू शकतो. मजकूर रात्री टाकला असेल तरी वजनं झाल्यावर सरांना एक फोन करा. पहिल्या सातात बदल झाला असेल तर जुनी ओळ खोडून नवी घाला आणि ‘सकाळी नऊला दुरुस्त केलं’ अशी वेळेची नोंद वरच करा.