मंडळी की ख्रिस्तसभा? वादात उतरण्याआधी

दरवर्षी जूनमध्ये सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, एक तरी पोरगा असा येतो, ज्याला खरा ख्रिस्ती पंथ कोणता हे आधीच ठाऊक असतं आणि अभ्यास फक्त समोरच्याला गप्प करण्यासाठी करायचा असतो. मला तो लगेच ओळखू येतो, कारण मी तसाच आलो होतो. नगरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो (चर्चला आम्ही मंडळी म्हणतो, कॅथलिक ख्रिस्तसभा), संडेस्कूलच्या वचनपाठांतरात बक्षिसं मिळवली, आजोबा पाळक. बॅगेत एक चाळीस पानी पुस्तिका होती, 'रोमन चुका' असल्या धाटणीची. तिच्यातल्या प्रत्येक मुद्द्याखाली मी लाल पेनने रेघ मारली होती. त्या पुस्तिकेने माझी दोन वर्षं खाल्ली.

पंथ म्हणजे काय, 1054 ची पूर्व-पश्चिम चर्चची फूट आणि 1517 चं लुथरचं रोमविरुद्धचं बंड काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मी ज्या खड्ड्यात पडलो, तो मात्र नीट दाखवतो.

ग्रीकच्या शिकवणीत वसईचा एक कॅथलिक मित्र भेटला. मे महिन्यात त्याच्या घरी गेलो. संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली, त्याचे वडील केळीच्या वाडीतून आले होते ते ओट्यावर टेकले, चहा आला. मी तोंड उघडलं. "काका, राग मानू नका, पण दहा आज्ञांतली मूर्तींविरुद्धची दुसरी आज्ञा तुमच्या लोकांनी काढूनच टाकली ना?"

काका रागावले नाहीत. हात पुसले, आत जाऊन त्यांचं बायबल आणलं, माझ्यासमोर ठेवलं. "निर्गम विसावा अध्याय काढ. चौथ्यापासून वाच." वाचलं. कोरीव मूर्ती करू नकोस, त्यांच्या पाया पडू नकोस. सगळं जिथल्या तिथे. "आहे?" "आहे, काका." "मग काढली कोणी?" मित्र खाली बघून हसत होता. काकूंनी मला न विचारताच आणखी चहा ओतला.

आता हे नीट समजून घ्या, कारण ही चूक आजही रोज होते. दहा आज्ञा 'दहा' आहेत हे शास्त्रच सांगतं, निर्गम 34:28 मध्ये. पण पहिली कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे तिथे लिहिलेलं नाही. आकडे मागाहून लावले. यहुदी परंपरेत "मी परमेश्वर तुझा देव आहे" हेच पहिलं धरतात. ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या वळणाची) परंपरा मूर्तीची मनाई वेगळी काढून तिला दुसरी आज्ञा म्हणतात. कॅथलिक प्राचीन धर्मपंडित ऑगस्टीनच्या मोजणीने जातात. अन्य देव आणि मूर्ती मिळून पहिली, आणि दहाचा हिशेब भरायला शेवटी लोभाच्या दोन आज्ञा, शेजाऱ्याची बायको नववी आणि शेजाऱ्याची मालमत्ता दहावी. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आज्ञा पुन्हा येतात, तिथे 5:21 मध्ये बायको आधी आणि वेगळी येते, त्यामुळे ही मोजणीही हवेतली नाही. धर्मशिक्षणाच्या छोट्या पुस्तकात आज्ञा थोडक्यात छापतात, तेव्हा पहिलीचं शेपूट गळतं. ते बघून आमच्या पुस्तिकेने ठरवलं, की चोरी झाली.

खरा फटका पुढे बसला. होस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीत गुंटूरकडचा लुथरन होता. मी त्याला मोठ्या तावाने हा किस्सा सांगितला, आपली बाजू कशी सावरायची म्हणून. तो म्हणाला, "आमचीही मोजणी तीच आहे." मार्टिन लुथरने 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत कॅथलिकांचीच मोजणी ठेवली. म्हणजे माझा प्रॉटेस्टंट बाण थेट लुथरच्या छातीत. तेव्हापासून कोणी "सहाव्या आज्ञेविरुद्ध पाप" म्हणालं की मी आधी विचारतो, सहावी कुठल्या मोजणीची? आमच्याकडे ती खुनाची, काकांकडे व्यभिचाराची.

मूर्तींचा वाद खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो खराच आहे, आणि माझं मत अजून आजोबांसारखंच आहे. पण त्याचा खरा मुद्दा आहे तो 787 च्या नायसियाच्या दुसऱ्या परिषदेचा. प्रतिमेला द्यायचा मान वेगळा आणि देवालाच द्यायची आराधना वेगळी, असं तिथे ठरवलं. हा फरक व्यवहारात टिकतो का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. मराठीत तर तो आणखी निसरडा, कारण आपल्याकडे 'भक्ती' हा एकच शब्द देवालाही लागतो, येशूची आई मरिया हिलाही आणि आईबापांनाही. काका 'मरियेची भक्ती' म्हणाले की माझ्या कानावर 'आराधना' पडायचं. शब्द एक, अर्थ दोन. तासभर भांडून दोघेही थकायचो.

म्हणून माझा हट्टच आहे असं समजा, समोरच्याचं मत त्याच्याच कागदातून वाचा. कॅथलिकांसाठी 1992 ची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी आणि सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या परिषदेचे ठराव. लुथरनांसाठी 1530 चा ऑग्सबर्गचा विश्वासनामा. आपल्या बाजूच्या पुस्तिका शेवटी. रील्स तर अजिबात नको. मत्तय 16:18 मध्ये येशू शिष्य पेत्र याला म्हणतो, तू पेत्र आहेस आणि या खडकावर मी माझी मंडळी रचीन; तीस सेकंदांत हे वचन 'उडवून' देणारा माणूस ग्रीकमधलं पेत्रोस (नाव) आणि पेत्रा (खडक) वेगळं म्हणून सांगतो, पण येशू त्याला अरामी भाषेत केफा, म्हणजे खडकच, म्हणत असे हे सांगत नाही. पलीकडचा, पोपच्या बाजूचा, केफा सांगतो आणि पुढच्या दोन हजार वर्षांचे पोप त्याच एका शब्दात कोंबतो. सोपे रस्ते दोन्हीकडे सारखेच.

गुरूबद्दलही बोलून टाकतो. "तेवढं वाचू नकोस, विश्वास डळमळेल" असं सांगणाऱ्या वडीलधाऱ्यापासून लांब राहा. मला असे दोन भेटले, दोघेही प्रेमळ होते, आणि दोघांनीही माझं नुकसान केलं. ज्याचा दुसऱ्या पंथात एक तरी जिवलग मित्र आहे, असा शिक्षक शोधा.

आणि घाबरू नका. वाचताना पाय हलतातच. माझे इतके हलले की एक पावसाळा मी मंडळीत जाऊन नुसता मागच्या बाकावर बसायचो. तेव्हा पंडिता रमाबाईंनी धीर दिला. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी तिथल्या अँग्लिकन भगिनींशी पत्रांतून किती वाद घातला ते वाचा. इतके पंथ आणि प्रत्येकाचा आधार बायबलच, हे बघून त्या गोंधळल्या होत्या, आणि तसं त्यांनी उघड लिहिलं. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीचं जू मानेवर घ्यायला त्यांनी नकार दिला, पण ख्रिस्त सोडला नाही.

आपल्या घराकडेही बघून घ्या. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. अँग्लिकन आणि बॅप्टिस्ट एका छपराखाली. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आणि समज आल्यावरचा बाप्तिस्मा, दोन्ही चालतात. मी ज्या वादावर दुसऱ्यांना खोटं ठरवत होतो, तो माझ्याच मंडळीने दोन्ही बाजू ठेवून मिटवला होता, आणि मला पत्ताच नव्हता. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने की कर्मांनी, या मूळ भांडणावरही लुथरन आणि रोम यांनी 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गमध्येच संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सगळं मिटलं असा त्याचा अर्थ नाही. पोप, पुरोहितपण, प्रभुभोजन, हे सगळे दगड तिथेच आहेत.

बायबलमधल्या सात पुस्तकांचा वाद, कॅथलिकांची 73 आणि आपली 66, त्यावर फक्त एवढंच सांगतो. "लुथरने काढून फेकली" म्हणणाऱ्याला आणि "रोमने घुसडली" म्हणणाऱ्याला लुथरचं 1534 चं बायबल दाखवा. ती पुस्तकं त्यात आहेत, जुन्या आणि नव्या कराराच्या मधे, वेगळ्या मथळ्याखाली.

काकांचा फोन नाताळला येतो. "पोरा, खडक कोण ते ठरलं का?" मी म्हणतो, "नाही काका, अजून केफावरच आहे." मग ते केळीचा भाव सांगतात.